परीक्षकाची परीक्षा : खानदेशातील कस, वानगी आणि साक्ष

पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेने दिलेला आकडा कितपत ग्राह्य धरावा, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या अर्धशतकात उभे राहिले आहे. त्याला आपण 'गुणवत्ता हमी' असे नाव दिले आहे. प्रयोगशाळांच्या पात्रतेविषयी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिली मार्गदर्शिका १९७८ साली निघाली. १९९९ साली तिच्या जागी १७०२५ या क्रमांकाचे मानक आले आणि २०१७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. भारतात १९८८ पासून एनएबीएल या नावाने ओळखली जाणारी संस्था अशा प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देते. या साऱ्या व्यवहाराची परिभाषा इंग्रजीतून आलेली असल्यामुळे मूळ विचारही परकाच असावा, असा समज आपल्याकडे सहज होतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी 'अंशांकन', 'अधिस्वीकृती', 'मापनअनिश्चिती' हे शब्द पाठ करतात. आपल्या आजोबांच्या तोंडी याच व्यवहाराचे दुसरे शब्द होते, याची त्यांना कल्पना नसते.

प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवावयाचे आहे की, परीक्षकाची परीक्षा कोणी व कशी करावी हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत फार जुना आहे. त्याचे उत्तर ज्या ज्या वेळी केवळ परीक्षकाच्या नजरेवर सोपविले गेले, त्या त्या वेळी चुकीचा भुर्दंड माल आणणाऱ्याने सोसला. हा इतिहास तीन वस्तूंच्या आधारे सांगता येतो : नाणे, कापूस आणि सोने. परंतु आरंभ शब्दांपासून करणे इष्ट. माझे शिक्षण भाषाशास्त्राचे, हे त्याचे एक कारण असले तरी एकमेव कारण नव्हे. ज्या काळातील प्रयोगवह्या उरलेल्या नाहीत, त्या काळाची साक्ष शब्दच देतात.

'कसोटी' हा शब्द संस्कृत 'कषपट्टिका' या शब्दापासून प्राकृत 'कसवट्टिआ' या रूपाच्या द्वारे मराठीत आला. 'कष्' म्हणजे घासणे. त्याच धातूपासून 'निकष' व 'कस' हे शब्द आलेले आहेत. 'कस' शब्दाचा प्रवास विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मूळ अर्थ दगडावर उठलेली रेघ. पुढे त्या रेघेवरून ठरलेली शुद्धता. आणि अखेर वस्तूच्या अंगचे सत्त्व. खानदेशातला शेतकरी 'जमिनीचा कस गेला' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात दगड नसतो आणि रेघही नसते. मोजण्याची कृती आणि मोजावयाचा गुण या दोहोंना एकच शब्द लागू झाला. भाषेच्या दृष्टीने ही सामान्य घटना होय. पण परीक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा धोक्याचा कंदील आहे. रेघेलाच सत्त्व मानले की रेघ चुकू शकते, याचा विसर पडतो.

'वानगी' हा दुसरा शब्द. त्याचे नाते संस्कृत 'वर्ण' व 'वर्णिका' या शब्दांशी लावले जाते. सोन्याची प्रत पूर्वी रंगावरून, म्हणजे वर्णावरून सांगत. कौटिलीय अर्थशास्त्रात शुद्ध सोने सोळा वर्णांचे मानले आहे. ज्ञानेश्वरीत 'साडेपंधरे' ही उत्तम सोन्याची संज्ञा येते. ती याच मापनश्रेणीची स्मृती होय, असे मला वाटते. आइन-इ-अकबरीत हिंदुस्थानातील सोन्याची श्रेणी बारा अंशांची सांगितली असून हिंदीतील 'बारहबानी' हा शब्द तिच्यापासूनच आला. मराठी बोलण्यात 'बावनकशी' रूढ आहे. आज चोवीस कॅरट किंवा दर हजारी ९१६ असे म्हणतात. सोळा, बारा, बावन्न, चोवीस, हजार : सोने तेच, मापाच्या पायऱ्या मात्र बदलत गेल्या. यावरून श्रेणी ही निसर्गदत्त नसून व्यवहाराने ठरविलेली असते, हे उघड होते. मग ती दोन गावांत एकच राहावी यासाठी काय करीत असत?

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात याचे उत्तर आहे आणि ते थक्क करणारे आहे. ज्ञात प्रतीच्या सोन्याची रेघ आधी ओढावी व परीक्ष्य सोन्याची रेघ तिच्याशेजारी ओढून ताडून पाहावी, असे तेथे सांगितले आहे. केवळ डोळ्यांत साठविलेल्या रंगाशी तुलना पुरेशी मानलेली नाही. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे येतो. कसोटीच्या दगडांचेही गुणदोष कौटिल्य सांगतो. विशिष्ट छटेचा, रंग उजळ दाखविणारा दगड विकणाऱ्याच्या हिताचा. कठीण, खरबरीत व रंग फिका दाखविणारा दगड घेणाऱ्याच्या हिताचा. साधनाला स्वतःचा कल असतो आणि तो कल कोणाच्या तरी पथ्यावर पडतो, ही जाणीव येथे स्वच्छ शब्दांत व्यक्त झाली आहे. आधुनिक परिभाषेत यालाच पद्धतशीर दोष म्हणतात. नखाखाली गेरू किंवा तत्सम पूड दडवून रेघेचा रंग बदलणाऱ्या लबाडांचाही तेथे उल्लेख आहे. परंतु लबाडीपेक्षा दगडाचा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. लबाड मनुष्य पकडता येतो. प्रामाणिक मनुष्याच्या हातातील कलता दगड पकडण्यास शास्त्र लागते.

मराठी राज्यात हे काम पोतदाराकडे होते. 'पोतदार' हा फारसी 'फोतादार' शब्दाचा अपभ्रंश. हिंदी-बंगालीतील 'पोद्दार' त्याचाच सोदर. सरकारात भरणा होणाऱ्या नाण्यांची पारख करणे हे त्याचे काम. गावपातळीवर बहुधा सोनारच हे काम करी, म्हणून आजही हे आडनाव सोनारकाम करणाऱ्या घराण्यांत पुष्कळ आढळते. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, पुण्याकडचा अंकुशी, निजामाच्या मुलखातील हाली सिक्का अशी नाना प्रकारची नाणी त्या काळी फिरत. प्रत्येकाचे वजन व चांदी निराळी. शिवाय एकाच नावाचे नाणे झिजलेले, कातरलेले, जुने किंवा नवे असे. सरकारी हिशेब एका नाण्यात आणि रयतेच्या हातात दुसरे, अशा वेळी दोहोंतील अंतर 'बट्टा' या नावाने वसूल होत असे.

आता या बट्ट्याचा विचार प्रयोगशाळेच्या दृष्टीने करावा. पोतदार रुपया वाजवून, चोळून, क्वचित कापून पाही. त्याचा अनुभव मोठा होता, यात शंका नाही. परंतु त्याच्या निर्णयात चूक किती, हे दाखविणारे साधन कोणाजवळच नव्हते. दुसऱ्या गावच्या पोतदाराने तोच रुपया पाहिला तर तो किती बट्टा सांगेल, याची नोंद ठेवण्याची प्रथा नव्हती. संशय आला की तो रुपयावर घेतला जाई, परीक्षकावर नव्हे. आणि रुपया रयतेचा असे. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार पुढे कलंक लागणे या अर्थाने रूढ झाला, याचे मला नवल वाटत नाही. नाण्याचे न्यून देणाऱ्याच्या अब्रूला चिकटले.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. तथापि नाण्यांचा गोंधळ लगेच मिटला नाही. १८३५ च्या सतराव्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा व अकरा-द्वादशांश शुद्ध चांदीचा एकच रुपया कंपनीच्या मुलखात चालू झाला, तेव्हा पोतदाराच्या नजरेची गरज हळूहळू संपली. या सुधारणेमागे कलकत्त्याच्या टांकसाळीतील परीक्षक जेम्स प्रिन्सेप यांचा मोठा हात होता. भाषेच्या विद्यार्थ्याला हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असते : ब्राह्मी लिपीची उकल त्यांनी १८३७ साली केली. त्यांच्या आधी त्याच टांकसाळीचे मुख्य परीक्षक होरेस हेमन विल्सन हे होते. संस्कृत कोशकार म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि महसुली शब्दांच्या त्यांच्या १८५५ च्या कोशात पोतदारही सापडतो. धातूचा कस काढणारे दोन मनुष्य लिपी व कोश यांच्या अभ्यासात अग्रेसर व्हावेत, हा निव्वळ योगायोग मानावयास माझे मन तयार नाही. अज्ञात चिन्ह ज्ञात चिन्हाशेजारी ठेवून वाचणे आणि अज्ञात धातू ज्ञात धातूशेजारी ठेवून मोजणे, या एकाच शिस्तीच्या दोन शाखा आहेत. भट्टीचे तपमान मोजण्यासाठी प्रिन्सेप यांनी सोने, चांदी व प्लॅटिनम यांची ठरीव प्रमाणांची मिश्रणे केली आणि कोणते मिश्रण वितळते यावरून उष्णता ठरविली; तो निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. ज्ञाताचा आधार घेण्याची ही वृत्ती होय.

परंतु ज्ञात म्हणून ठेवलेली वस्तूच चुकीची असली तर? याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या टांकसाळीच्या इतिहासात आहे. तेथील नाण्यांची परीक्षा स्वतंत्र सोनारांच्या पंचांकडून तेराव्या शतकापासून होत आलेली आहे. १७१० सालच्या परीक्षेत नाणी १७०७ साली घडविलेल्या प्रमाणपत्र्याच्या मानाने हलकी ठरली. टांकसाळीचे प्रमुख त्या वेळी आयझॅक न्यूटन होते. त्यांनी प्रयोगांनी असे दाखविले की, नाणी हलकी नसून नवा प्रमाणपत्राच ठरलेल्या मानापेक्षा अधिक शुद्ध आहे. तो पत्रा बाजूस ठेवावा लागला व जुना पुन्हा वापरात आला. प्रमाणाचेही प्रमाण हवे, ही साखळी कोठेतरी सर्वमान्य मूळापर्यंत पोहोचली पाहिजे, ही आजच्या मानकातील अट यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. मात्र तेथे न्यूटन होते, म्हणून प्रमाणाला आव्हान देता आले. खानदेशातील कुणब्याने पोतदाराच्या दगडाला आव्हान कसे द्यावे?

कापसाच्या बाबतीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि या जिल्ह्यांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावर अवलंबून राहावे लागले. भाव भडकले; त्याच दशकात रेल्वे खानदेशातून गेली आणि जळगाव ही कापसाची पेठ म्हणून उदयास आली. भावाबरोबर भेसळही वाढली. कापसात सरकी ठेवणे, पाणी मारणे, माती मिसळणे, लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची रुई दडविणे, असे प्रकार होत. मुंबई सरकारने १८६३ साली नववा कायदा करून भेसळ हा गुन्हा ठरविला व तपासनीस नेमले. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी त्याच दशकात चांगल्या धाग्याचे हिंगणघाटी बियाणे खानदेशात आणले, तो या प्रयत्नाचा दुसरा भाग होय.

१८६३ च्या कायद्याकडे आज पाहिले असता त्यातील उणीव चटकन ध्यानी येते. कायद्याने तपासनीस दिला, पण मोजमाप दिले नाही. गासडीत दगड सापडला तर वाद नव्हता. परंतु दोन जातींची रुई मिसळली आहे की नाही, ओल निसर्गतः आहे की मारलेली आहे, हे ठरवावयाचे कशाने? तपासनीस मूठभर रुई घेई, बोटांनी तंतू ओढून लांबी अजमावी, आणि निर्णय देई. मुंबईचे व्यापारी या कायद्यावर नाखूष होते. १८७८ साली नवा कायदा आला; तोही फार वर्षे टिकला नाही. ही सारी व्यवस्था केवळ व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे मोडली, असे मानणे मला पटत नाही. ज्या दोषाची व्याख्या मोजता येत नाही, त्याबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार कितीही कडक असला तरी तो मनमानीकडेच झुकतो. तपासनिसाला लाच देता येत होती, असे म्हणणे सोपे आहे. पण प्रामाणिक तपासनीसही दोन दिवशी दोन निर्णय देऊ शकत होता, ही खरी अडचण होय.

त्याचा परिणाम शेतात दिसला. हिंगणघाटी बियाण्याचा प्रसार टिकला नाही आणि विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात रोझियम जातीचा आखूड, जाडाभरडा कापूस पसरला. या जातीच्या कापसातून सरकी काढल्यावर रुईचा उतारा अधिक पडे. शेतीखात्याच्या लिखाणात अशा प्रसंगी शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्याची पद्धत होती. मला ते अन्यायाचे वाटते. धाग्याची लांबी विश्वासाने मोजणारे कोणी नसेल, तर लांब धाग्याला जादा भाव मिळणार नाही. भाव मिळत नसेल तर उतारा पाहूनच बी निवडणे हा शहाणपणा होय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली आपल्या गाजलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडले : ज्या बाजारात घेणाऱ्याला प्रत ओळखता येत नाही, तेथून चांगला माल हद्दपार होतो. तापीकाठच्या शेतकऱ्याने ते तत्त्व आधीच अनुभवले होते. अविश्वसनीय परीक्षणाची किंमत एखाद्या खटल्यातल्या दंडाएवढीच नसते. ती सबंध प्रदेशाच्या पिकाची जात बदलू शकते.

१९१७-१८ च्या कापूस समितीच्या शिफारशींनंतर १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि येथून विचाराचा मार्ग पालटला. १९२३ च्या कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात मिसळण्यासाठी नेण्यास आळा घालण्याची तरतूद झाली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. हा अनुक्रमांक मला फार मोलाचा वाटतो. १८६३ च्या कायद्याचा भर गुन्हेगार शोधण्यावर होता. १९२५ च्या कायद्याने वस्तूलाच स्वतःचा इतिहास दिला. गासडी मँचेस्टरला उघडली आणि तीत दोष निघाला, तर तो जळगावच्या कोणत्या प्रेसपर्यंत मागे नेता येईल, हे सांगता येऊ लागले.

त्याच सुमारास, १९२४ साली, समितीने मुंबईत माटुंग्यास तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. तेथे शेतीखात्यांनी पाठविलेले कापसाचे नमुने कातून पाहण्यात येत. किती अंकाचे सूत निघते, ते किती ताण सोसते, याचा आकडा नमुना पाठविणाऱ्याला मिळे. पहिले संचालक आर्थर जेम्स टर्नर यांच्या कारकीर्दीत प्रमाण म्हणून निवडलेल्या भारतीय कापसांची वर्षानुवर्षे परीक्षा करून अहवाल काढण्याची प्रथा पडली. याचे प्रयोजन केवळ त्या कापसांची माहिती देणे एवढेच मानू नये. यंत्र तेच राहिले आहे काय, हात तोच राहिला आहे काय, हे ओळखीच्या कापसाच्या आधारे कळते. शिवाय हवेतील दमटपणाने कापसाच्या धाग्याची ताकद बदलते. पावसाळ्यात घेतलेला आकडा आणि मे महिन्यात घेतलेला आकडा एकमेकांशी तोलावयाचा तर दालनातील दमटपणा स्थिर राखावा लागतो. माटुंग्याच्या प्रयोगशाळेने त्याकडे आरंभापासून लक्ष दिले. रोझियमच्या जागी पुढे जळगावच्या संशोधन केंद्रातून जरिला व विरनार या सुधारित जाती आल्या. सुधारलेल्या जातीला भाव मिळावा यासाठी सुधारणा झाली आहे हे आकड्यांनी सिद्ध व्हावे लागते, आणि ते आता शक्य झाले होते.

तरीही बाजारात नजरेचे राज्य संपले नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा खरेदीकेंद्रावर बैलगाडीतील कापसाची प्रत ठरविण्याचे काम ग्रेडरकडे होते. 'ग्रेड मारणे' हा शब्दप्रयोग खानदेशी बोलण्यात त्या काळी रुजला. 'मारणे' हे क्रियापद ध्यानात घ्यावे : शिक्का मारतात, हाक मारतात, तशी ग्रेडही मारतात, ती मोजत नाहीत. शेतकरी आणि ग्रेडर यांच्यात जो वाद होई, तो बहुधा एका प्रतीच्या फरकाचा असे; परंतु निवाडा करण्यासाठी दोघांच्या मध्ये ठेवता येईल अशी तिसरी वस्तू तेथे नसे. आज तंतूची लांबी, ताकद व जाडी एका दमात मोजणारी यंत्रे आली आहेत. ती चालविण्यापूर्वी ठाऊक गुणांचा कापूस त्यांत घालून यंत्र जुळवून घ्यावे लागते. माटुंग्याचीच प्रयोगशाळा, जी आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची कापूस तंत्रज्ञान संस्था आहे, असा कापूस तयार करते.

सोन्याकडे पुन्हा वळू. जळगावचा सराफ बाजार सोन्याच्या चोखपणाबद्दल महाराष्ट्रभर नावाजलेला आहे. हा लौकिक पिढ्यांच्या व्यवहाराने मिळालेला असून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण लौकिक म्हणजे व्यक्तीची किंवा पेढीची हमी. जुन्या कागदपत्रांत 'हमी' घेणारा मनुष्य असे. कबुली मोडली तर तो स्वतःच्या मालमत्तेतून भरून देई. 'गुणवत्ता हमी' या जोडशब्दात ती व्यक्ती नाहीशी झाली आहे आणि तिची जागा पद्धतीने घेतली आहे. हा बदल सोन्याच्या परीक्षेत सर्वांत स्पष्ट दिसतो.

कसोटीच्या दगडावर तरबेज हातालासुद्धा दर हजारी दहा-वीस भागांपेक्षा बारीक फरक सांगणे कठीण जाते. भट्टीतील परीक्षेने दर हजारी अर्ध्या भागापर्यंत जाता येते. भारतीय मानक १४१८ मध्ये ही कृती दिलेली आहे. दागिन्याचा सुमारे पाव ग्रॅम अंश काढून त्याच्या अडीच पट चांदी मिसळतात, ते शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र मुशीत हजार अंशांवर तापवितात. शिसे व तांबे यांची भस्मे मुशीत शोषली जातात. सोन्याचांदीचा मणी उरतो. तो लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते आणि उरलेले सोने तोलता येते. आता यात दोन दोष संभवतात. थोडे सोने मुशीत जिरते, म्हणून आकडा खाली येतो. थोडी चांदी सोन्यात अडकून राहते, म्हणून आकडा वर जातो. कोणता दोष किती, हे भट्टीवर, त्या दिवसाच्या तपमानावर आणि आम्लाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. कोणत्याही कुशल मनुष्याला ते नजरेने सांगता येणार नाही.

यावर परीक्षकांनी काढलेला तोडगा अत्यंत साधा आहे. त्याच भट्टीत, त्याच वेळी, परीक्ष्य तुकड्याशेजारी निर्भेळ सोन्याचा तोललेला तुकडा ठेवावयाचा आणि त्यालाही तीच चांदी, तेच शिसे, तेच आम्ल लावावयाचे. शेवटी त्याचे वजन जेवढे वाढले वा घटले असेल, तेवढी दुरुस्ती परीक्ष्य तुकड्याच्या आकड्यात करावयाची. या तुकड्याला मी 'साक्षी तुकडा' म्हणतो, कारण तो भट्टीत काय घडले याची साक्ष देतो. कौटिल्याच्या काळातील शेजारी ओढलेली ज्ञात रेघ, माटुंग्याचा ओळखीचा कापूस आणि भट्टीतील साक्षी तुकडा ही एकाच कल्पनेची रूपे आहेत. १९२४ साली अमेरिकेतील वॉल्टर शेवार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची रीत काढली व महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ साली भारतात आले. त्यांच्या आलेखावर प्रयोगशाळा आज जे बिंदू मांडते, ते बहुधा साक्षी नमुन्याचेच असतात. ग्राहकाच्या नमुन्याचा आकडा चूक की बरोबर, हे त्याच्याकडे पाहून कळणारच नाही.

सोन्यावरील हॉलमार्कची योजना भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती पहिल्या टप्प्यात देशातील २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख असल्याखेरीज तो हॉलमार्कचा म्हणून विकता येत नाही. १९२५ सालच्या गासडीवरील अनुक्रमांकाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. दागिन्याचा अंश कोठून काढला, यावर आकडा अवलंबून असतो. डाक लावलेल्या सांध्याजवळ प्रत निराळी, पत्र्यावर निराळी. 'वानगी' हा शब्द वर्णावरून आला असला तरी वानगी संपूर्ण वस्तूचा वर्ण दाखवील, हे गृहीत धरता येत नाही. भट्टी कितीही बिनचूक असली तरी वानगी चुकली की निष्कर्ष चुकतो.

वानगीचा विचार कायद्याने जेवढा सूक्ष्म केला आहे, तेवढा इतरत्र क्वचितच आढळतो. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात नमुन्याचे तीन भाग करण्याची तरतूद होती आणि आरोपीला दुसरा भाग मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी न्यायालयात करता येई. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ साली लागू झाल्यापासून नमुन्याचे चार भाग होतात. व्यापाऱ्याने मागणी केल्यास त्यांतील एक भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे जातो. पोतदाराच्या काळी कुणब्याला जे मागता येत नव्हते, ते जळगावच्या तेलविक्रेत्याला आज कायद्याने मागता येते. मात्र दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, म्हणजे एक खोटी असे समजण्याची घाई करू नये. अमेरिकेतील विल्यम हॉर्विट्झ यांनी १९८० साली अनेक प्रयोगशाळांच्या निकालांवरून असे दाखविले की, पदार्थ जितका अल्प, तितकी प्रयोगशाळांतील तफावत अधिक. दशलक्षात एक भाग या पातळीवर ती साधारण सोळा टक्के असते. केळीवरील कीडनाशकाचा अंश किंवा शेंगदाण्यातील बुरशीचे विष याहून कितीतरी अल्प असते.

येथे मराठी भाषेची एक अडचण सांगणे भाग आहे. आपण 'अचूक' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. पुन्हा पुन्हा मोजले असता आकडे एकमेकांजवळ येणे हा एक गुण; आकडा खऱ्या मूल्याजवळ येणे हा दुसरा. कलत्या दगडावर घासणाऱ्या मुरलेल्या सराफाच्या रेघा एकमेकींशी तंतोतंत जुळतील आणि तरीही सगळ्याच चुकतील. पारिभाषिक कोशांनी यासाठी 'परिशुद्धता' व 'अचूकता' असे दोन शब्द दिले आहेत, पण सामान्य मराठी कानाला ते समानार्थीच वाटतात. पेढीवरच्या भाषेत मात्र हा भेद जिवंत आहे. 'हात बसला' म्हणजे आकडे जुळू लागले; 'कस खरा उतरला' म्हणजे आकडा सत्याला भिडला. हात बसलेला असूनही कस खोटा उतरू शकतो, हे वाक्य सराफाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या परिभाषाकारांनी धुळ्याच्या किंवा जळगावच्या सराफकट्ट्यावर एखादी दुपार घालविली असती, तर विद्यार्थ्यांचे पुष्कळ श्रम वाचले असते.

१७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत 'निर्णयनियम' ही अट स्पष्टपणे आली आहे. अहवालात नमुना प्रमाणानुसार आहे किंवा नाही असे विधान करावयाचे असेल, तर मापनातील अनिश्चिती त्या निर्णयात कशी धरली, हे प्रयोगशाळेने ठरवून ठेवले पाहिजे आणि तो नियम ग्राहकाला ठाऊक असला पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, संशयाचा भार कोणी वाहावा हे आकडा येण्यापूर्वी ठरते. सोन्याच्या बाबतीत भारतीय मानक १४१७ याचे उत्तर देते : ठरलेल्या शुद्धतेखाली कसलीही सूट नाही. म्हणून बावीस कॅरटचा दागिना घडविणारा कारागीर दर हजारी ९१६ च्या किंचित वर राहूनच मिश्रण बांधतो, आणि भट्टीच्या अनिश्चितीची किंमत घडविणाऱ्याच्या बाजूने भरली जाते. बट्ट्याच्या काळी ती देणाऱ्याच्या बाजूने भरली जात असे.